अजून सूतभर अरुंद

३ जानेवारी

प्रिय ढब्बू,

तुमच्या जावईबापूंचा फोन येऊन गेला. आधी मालकांची मुलगी केली आणि पाठोपाठ मालकांचं वर्तमानपत्रही, तेच ते. म्हणाले, "ताई, कागद महाग झालाय, पान चार बोटं अरुंद करतोय. मथळ्यातले शब्द मात्र कमी करायचे नाहीत. तेवढं जरा तुमच्या अक्षरांना सांगा." जशी काही अक्षरं बाकावर बसली आहेत, आणि मी मागून ओरडले की सरकून घेतील.

तुला हे सगळं ठाऊक आहे, पण दमलेलं माणूस ठाऊक असलेलंच पुन्हा सांगतं. तीन वर्षं मी अक्षरांचा हा एकच टाईप काढतेय. फक्त मथळ्यासाठी, ठळक, अरुंद, सगळीकडे एकाच जाडीचा, शेपटी नाही की नक्षी नाही. उठून दिसावा आणि जागा खाऊ नये. म्हणजे सुनेकडून असते तीच अपेक्षा. आता ठळक अक्षर दाबायला गेलं की काळं आत येतं आणि पोटातली पांढरी जागा नाहीशी होते. 'म' आणि 'भ' गुदमरतात. 'ष' म्हणजे नुसता डाग. त्यावर तुमचा कागद असा, की शाई टेकली रे टेकली की पसरते. त्यामुळे इथे माझ्या पडद्यावर जे छान दिसतं, त्याला काडीची किंमत नाही.

तेव्हा नेहमीचंच काम. फाईल पाठवलीय, छापायच्या चार ओळीही पाठवल्यात. अंक छापून झाला की छपाईवाल्या काकांकडून त्याच कागदावर दोन ताव काढून घे. एक मला कुरियरने पाठव, एक तुझ्या वरच्या मजल्यावर आईला नेऊन दे. ती मला फोनवर वाचून दाखवेल. तिला जमलं तर सगळ्यांना जमेल.

आणि दुसरी गोष्टही विसरू नकोस. चुकीच्या बसमध्ये बसून आई थेट आगारात पोचली होती, तेव्हा आपलं तिघांचं ठरलंय. जोवर तिला वर्तमानपत्राचा मथळा वाचता येतोय, तोवर ती तिच्या घरी राहील. ज्या दिवशी येणार नाही, त्या दिवशी ती माझ्याकडे येईल. ती स्वतः हो म्हणाली होती आणि तू समोर होतास. म्हणून सांगते, भाचा म्हणून लाडात येऊन मदत करायची नाही.

तुझी ताई


११ जानेवारी

प्रिय ताई,

ताव सोबत आहे. घडी काकांनी घातलीय, म्हणून ती सरळ आहे.

इकडे तुझ्या टाईपाला नाव पडलंय, 'खचाखच'. तू काय ते भारदस्त नाव शोधून ठेवलं असशील ते कागदोपत्री असू दे. आम्ही हाक मारायला लागलोय. परवा जावईबापू माझ्या टेबलाशी आले, ओळीवर फूटपट्टी ठेवली, आणि म्हणाले, "इथे अजून एक क्रियापद बसेल." त्यांचा घरचा धंदा लाकडाच्या वखारीचा. सगळं सूतात, म्हणजे इंचाच्या आठव्या हिश्श्यात, मोजतात. मी म्हटलं, बसेल, पण मांडीवर घ्यावं लागेल. ते हसले नाहीत. विनोद किती सूत आहे ते बघत असावेत.

मावशीचं तू ऐकलंसच. चारही ओळी घडाघडा वाचल्या. मी समोरच होतो. ताव धरला, वाचला, खाली ठेवला, आणि म्हणाली, "दुसऱ्या ओळीत जोर नाही. कोणी लिहिली?" माझाच जुना मथळा होता, तू उचललेला. वीस वर्षं मथळे लिहितोय आणि घरी ही किंमत.

तू जेवतेस का वेळेवर? मावशी विचारते. म्हणजे मला विचारते, तुला विचारलं की तू 'हो' म्हणतेस.

ढब्बू


२ फेब्रुवारी

प्रिय ढब्बू,

खरं सांगू, मला वाटलं नव्हतं. 'संस्थाचालकांवर' हा शब्द मी मुद्दाम घातला होता. त्यात माझाच जीव अडकला होता, आणि आई त्यावरून अशी गेली जशी काही ओला जिना उतरायची रोजची सवय आहे. मागच्या खेपेला तिने सरळ सांगितलं होतं, "हे काय गं, मुंग्यांची रांग." तेव्हा तुलाही वाचता आलं नव्हतं, म्हणून दोष अक्षरांचा धरला आणि तीन महिने पहिल्यापासून सगळं काढलं. ते वाया गेलं नाही म्हणायचं.

आनंदाच्या भरात मी जावईबापूंना बोलून गेले की माझ्या म्हाताऱ्या आईलाही वाचता येतंय. ते म्हणाले, "वा. मग अजून सूतभर." या लोकांना चांगली बातमी सांगायची नसते. ती ऐकली की ते लगेच माप घेतात.

तेव्हा सूतभर दाबलंय. फाईल सोबत. मनगट दुखतंय, मान दुखतेय. आमचे हे म्हणतात, "तू आणि तुझी अक्षरं, दोघी एकदमच वाळत चालल्या आहात." म्हटलं, अक्षरांकडे निदान कोणी मागणी तरी घेऊन येतं.

आईसाठी कोपऱ्यातली खोली रिकामी करून ठेवली होती, ती तूर्त बंद केलीय. तिला सांगू नकोस. सांगितलंस तर म्हणेल, मुलगी टपून बसलीय.

ताई


२० फेब्रुवारी

प्रिय ताई,

ताव सोबत. मावशी याही वेळी पास.

माझं ऐकशील तर आता पुरे कर. मला स्वतःला चौथी ओळ हात लांब करून वाचावी लागली, आणि माझा नंबर काही वाढलेला नाही. तू म्हणशील, आईला दिसतं आणि तुला नाही, असं कसं. मी म्हणतो, जाऊ दे, मावशी आहे ती, तिला काहीही दिसतं. लहानपणी आपण भिंतीआड काय करायचो तेही तिला दिसायचं.

जावईबापू खूष आहेत. बैठकीत त्यांनी तुझा ताव वर धरून दाखवला. आमच्या संपादकांनी मान डोलावली. ते डुलकीतही डोलावतात, त्यामुळे ठराव कशाने मंजूर झाला ते कळलं नाही. जावईबापूंना आणखी सूतभर हवंय, मग अरुंद पानाचा नवा अंक. तुला स्वतः फोन करतील. नाही म्हण.

आणखी एक. मावशीला तावाबद्दल फार खोदून विचारू नकोस. कंटाळते ती.

ढब्बू


१४ मार्च

ढब्बू,

मी नाही म्हटलं नाही. म्हटलं, आईला एकदा दाखवते, ती म्हणेल तसं.

काल आईने फोनवर चार ओळी वाचल्या. पहिल्या दोन बरोबर होत्या. तिसरी तिने वाचली, "पुलाचं काम रेंगाळलं, ठेकेदार गायब." स्वल्पविरामाला थांबली आणि 'गायब'वर तुझ्यासारखाच जोरही दिला.

ती ओळ त्या तावावर नव्हती.

तुला मजकूर पाठवल्यावर माझ्या लक्षात आलं की 'रेंगाळलं' त्या मापात मावतच नाही. 'ळ' आणि 'ल' शेजारी शेजारी म्हणजे एका बाकावर दोन हत्ती. तुला कामात कुठे त्रास द्यायचा, म्हणून काकांनाच फोन केला आणि ओळ बदलून दुसरी फाईल पाठवली. तावावर आहे, "नव्या उद्यानात बसायला बाक नाहीत." तू बघितलंच नाहीस. आईने तर नाहीच नाही.

कधीपासून पढवतोयस तिला?

तुला कळतंय का मी काय केलंय ते? दोनदा मी तिच्या डोळ्यांच्या भरवशावर ती अक्षरं दाबली. मी स्वतः बघायचं सोडून दिलं होतं. तीन वर्षं बघून बघून मला आता काहीच दिसत नाही, म्हणून म्हटलं, आई वाचते ना, मग असेल बरोबर. आणि ती तुझ्या तोंडून वाचत होती.

मी ओरडत नाहीये. ओरडायला ताकद लागते. मला फक्त खरं काय ते लिही.

ताई


१९ मार्च

प्रिय ताई,

फोनवर सांगता येत नाही, ती शेजारीच बसलेली असते. म्हणून लिहितो.

पढवत नव्हतो. मी संध्याकाळी तासभर वर जेवायला येतो, तेव्हा उद्याचे मथळे तिला ऐकवतो. ते गेली कित्येक वर्षं चालू आहे. तिला आवडतं, आणि कोणी ऐकतंय म्हटल्यावर मलाही बरं लिहिता येतं. तुझ्या ओळी आल्या की त्याही त्यातच बोलून जायचो. जानेवारीत ती ताव हातात घेऊन वाचायला लागली, तेव्हा पहिल्यांदा कळलं. ती तावाकडे बघत नव्हती. माझ्या कानाच्या बाजूला बघत होती.

आम्ही डॉक्टरांकडे जाऊन आलो, दर महिन्याला जातो. ते म्हणतात, नजरेतलं मधलं गेलंय, कडेकडेचं राहिलंय. औषधाने आहे ते टिकेल, गेलेलं परत येणार नाही. हयगय केलेली नाही, तेवढा विश्वास ठेव.

तुला का सांगितलं नाही? कारण सांगितलं असतं तर तू दुसऱ्या दिवशी पिशवी भरली असतीस. ताई, तिला या घरातलं सगळं हाताने पाठ आहे. नळ कुठे, बरणी कुठे, जिन्याची कुठली पायरी झिजलीय. बसचं म्हणशील तर ती आता चढण्याआधी वाहकाला विचारते, आणि वाहक उतरून तिला जागेवर बसवतो. तुझ्या आठव्या मजल्यावर तिने काय पाठ करायचं? तिथल्या लिफ्टची बटणंसुद्धा सपाट आहेत, मी मुद्दाम हात लावून बघितली होती.

आणि मी काही संत नाही. खाली माझं घर म्हणजे एक पलंग आणि रद्दी. तू तिला नेलंस तर मी जेवताना मथळे कोणाला ऐकवू, भिंतीला? भिंत म्हणायची नाही, जोर नाही म्हणून. तर हा माझा स्वार्थ. तिचा तो हट्ट. आम्ही एकमेकांशी यावर एक शब्द बोललेलो नाही. ती मला विचारत नाही, मी तिला सांगत नाही, दोघं नीट जेवतो.

आता काय करायचं ते कर.

ढब्बू


२५ मार्च

ढब्बू,

पत्र चार वेळा वाचलं. पटलं नाही, आणि पटलं नाही याचंही वाईट वाटलं.

जावईबापूंना कळवलंय की हे माप वाचता येत नाही, मी दोन सूत मागे जातेय. ते म्हणाले, "ताई, वाचक मथळा वाचत नाहीत, बघतात." मी म्हटलं, आमच्या घरी एक जण आहे, तिला ना वाचता येत ना बघता. ते म्हणाले, "ओळखीच्या माणसांचं सोडा." सोडलं. दोन सूत रुंद केलेली फाईल पाठवून दिली आणि तेच माझं शेवटचं माप म्हणून कळवलं. आता 'म'च्या पोटात जरा वारा खेळतो.

आईचं मात्र ठरलं ते ठरलं. एप्रिलअखेरचं तिचं तिकीट काढलंय. खोली उघडून झाडून घेतली. लिफ्टच्या बटणांवर मी उठावाचे ठिपके चिकटवून घेईन, सोसायटीचे चिटणीस काय म्हणायचं ते म्हणोत. मला रोज फोन ठेवल्यावर असं वाटायला नको की आत्ता जे ऐकलं त्यातलं खरं किती.

हे पत्र तिला वाचून दाखव. सगळं. मधलं काही गाळू नकोस, तुला मजकूर कापायची सवय आहे.

ताई


१२ एप्रिल

प्रिय ताई,

नवा अंक निघाला. सोबत पाठवतोय, बसून बघ.

जावईबापूंनी तुझी नवी फाईल मापली. दोन सूत जास्त. तुला एका शब्दाने बोलले नाहीत. संगणकवाल्या मुलीला बोलावलं आणि म्हणाले, "हे असंच बाजूने दाबता येतं ना?" येतं म्हणाली. दाबलं. उभ्या रेघा वाळून काटक्या झाल्या, आडव्या होत्या तशाच जाड राहिल्या. अक्षरं अशी दिसतात जशी कोणी ओला सदरा पिळून दोरीवर तसाच टाकलाय. ती मुलगी मला हळूच म्हणाली, "सर, पाप लागेल का?" मी म्हटलं, तुला नाही, तू पगारी आहेस.

पहिल्या दिवशी फोन आले. एका निवृत्त मास्तरांनी विचारलं, पहिल्या पानाला कुंपण का घातलंय. दुसऱ्या दिवशी कमी आले. आता येत नाहीत. माणसांना सवय होते, हे जावईबापूंचं म्हणणं खरं ठरतंय, आणि तेच मला सगळ्यात जास्त झोंबतंय. तुझी तीन वर्षं एका बटणाखाली गेली. मी नुसता बघत उभा होतो. तुला कसं सांगावं याचा मथळा मला सुचला नाही.

तुझं पत्र मावशीला वाचून दाखवलं. सगळं, तिकिटासकट. मग अंकाचंही सांगितलं. तिने ताट बाजूला सारलं. मग म्हणाली, "दुकानातला सगळ्यात जाड मार्कर आण, आणि ते जुने ताव मागून कोरे आहेत ना, ते दे." मला खाली पाठवलं आणि दार लावून घेतलं.

ते ताव गुंडाळी करून याच पार्सलात घातलेत. वाचू नकोस म्हणाली. मी नाही वाचले. मार्करची शाई पलीकडून दिसते, त्याला मी काय करू.

ढब्बू


(तावांच्या पाठीवर, मार्करने. तारीख नाही.)

पोरी,

मी हे न बघता लिहितेय. ओळ वर गेली तर तू मान वाकडी कर.

ढब्बूने मला पढवलं नाही. तो जेवताना बडबडतो, मी ध्यानात ठेवते. माझे डोळे गेलेत. डोकं आहे जागेवर.

तुला वाटतं, घर सुटू नये म्हणून मी खोटं बोलले. ढब्बूलाही तेच वाटतं, वर त्याला वाटतं त्याचं जेवण चुकू नये म्हणूनही. त्याला जे सुचतं ते ताटापाशीच सुचतं.

मुंग्यांची रांग म्हटलं, तेव्हा तू तीन महिने झोपली नाहीस. रोज फोन करायचीस. तुझा आवाज खरवडलेल्या पातेल्यासारखा झाला होता. मला तुझी अक्षरं दिसत नव्हती, पण तो घसा ऐकू येत होता. तेव्हाच ठरवलं, ही आता काहीही दाखवू दे, मला दिसतं. एकदाचं तिचं काम संपू दे.

तर तू अजून दाबत बसलीस. हे मला कळलं नाही. मला वाटलं, हो म्हटलं की सुटशील. तुझं काम माझ्यामुळे बिघडलं. ते माझ्याकडे लागलं.

घर मी सोडणार नाही. हो, कबूल केलं होतं. तेव्हा वाटलं होतं, वाचता आलं नाही म्हणजे सगळंच संपलं. वाचता येत नाहीये. काही संपलं नाही. सकाळी उठते, आपलं आपलं करते, ढब्बूचे मथळे सुधारते.

तुला माझ्याकडून खरं हवं ना? मग विचारत जा, सांगेन. तू कशी आहेस विचारल्यावर तूही सांग. 'बरी आहे' म्हणू नकोस. तू थकलीस. मी नाही.

तिकीट रद्द कर. आठ दिवस इकडे ये. काम आणायचं नाही.

मार्कर वाळत आलाय. झोप आता.

आई


४ मे

प्रिय ढब्बू,

आईला मोठ्याने वाचून दाखव.

पत्र मिळालं. एकेका तावावर सहा-सात शब्द. सगळे ताव जमिनीवर ओळीने मांडून वाचले. खोलीत मावले नाहीत म्हणून शेवटचे दोन बाहेर पॅसेजमध्ये ठेवले. हे ऑफिसातून आले, दारातच उभे राहिले, पाय कुठे ठेवू म्हणाले. मी म्हटलं, थांबा, आई बोलतेय.

तिकीट रद्द केलं. खोलीत माझं टेबल पुन्हा नेऊन ठेवलंय, पण त्यावर सध्या काही नाही. पुढच्या महिन्यात येते. आठ दिवस नाही, पंधरा. तिला सांग, मी बरी नाहीये. मान वळत नाही, आणि कोणी 'ठळक' म्हटलं की रडू येतं. तिने विचारलं म्हणून सांगितलं.

जावईबापूंना लिहिलं की या पिळलेल्या अक्षरांखाली माझं नाव घालू नका. त्यांचं उत्तर आलं, नाव घालणारच नव्हतो, जागा नाही.

उत्तराला उशीर झाला. झोपले होते.

ताई